नोंद आणि पुरावा : घरी शिकणाऱ्या मुलांच्या निसर्गवह्या

मराठीत ‘वही’ हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या वस्तूंसाठी वापरतो. एक शाळेची वही. ती मूल लिहितं, पण लिहितं ते तपासणाऱ्यासाठी. तिला समास आखलेला असतो, लाल शाईसाठी जागा सोडलेली असते आणि वर्ष संपलं की ती रद्दीत जाते. दुसरी वही दुकानदाराची, शेतकऱ्याची, घरखर्च मांडणाऱ्या गृहिणीची. ती लिहिणाऱ्याच्याच उपयोगाची असते. तिच्यात तारीख असते, आकडा असतो, क्वचित एखादा शेरा असतो. गेल्या वर्षीची वही यंदाही काढून बघावी लागते, म्हणून ती जपली जाते. तिला कोणी गुण देत नाही आणि ती कोणी पाहुण्यांना दाखवतही नाही.

मुलांची निसर्गवही ही या दुसऱ्या जातीची वही आहे, आणि तिला पहिल्या जातीत जाऊ न देणं हे घरातल्या मोठ्या माणसांचं मुख्य काम आहे, असं मला वाटतं. ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण ज्या घरातली मुलं शाळेत जात नाहीत, त्या घरात ती किरकोळ राहत नाही.

आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात. थोरली तेरा वर्षांची आहे, धाकटा नऊ वर्षांचा. आम्ही पुण्यात, टेकडीच्या पायथ्याशी राहतो. शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण घरी शिकण्याचा, म्हणजे ज्याला आता सगळे होमस्कूलिंग म्हणतात त्याचा, त्यात स्पष्ट उल्लेख नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची म्हणजे एनआयओएसची वाट मोकळी आहे. माध्यमिक परीक्षेला तिथे वयाच्या चौदाव्या वर्षापासून बसता येतं. तोवरची वर्षं मात्र पालकांनी निभावायची. या वर्षांत नातेवाईक, शेजारी, सोसायटीतले काका सगळे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात : मुलं करतात काय दिवसभर? प्रगतिपुस्तक नसतं, पहिल्या दहातला नंबर नसतो. मग हात आपोआप त्या एका वहीकडे जातो, जी दिसायला सुरेख असते आणि दाखवायला सोपी. फुलांची चित्रं, पानांचे ठसे, चिमणीचं घरटं. निसर्गवही पुराव्याच्या कामाला लागते ती अशी.

तसं झालं की वहीचं काय बिघडतं, हे समजायला ही पद्धत आली कुठून ते आधी पाहायला हवं.

अँबलसाइडच्या बाई

इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात अँबलसाइड नावाचं गाव आहे. शार्लट मेसन (१८४२-१९२३) या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १८९२ साली तिथे ‘हाउस ऑफ एज्युकेशन’ ही संस्था काढली. घरोघरी मुलांना शिकवणाऱ्या गव्हर्नेस तिथे तयार होत. त्याआधी, १८८६मध्ये, मेसनबाईंचं ‘होम एज्युकेशन’ हे पुस्तक आलं होतं. १८९० पासून ‘पेरेंट्स रिव्ह्यू’ हे मासिक निघत होतं आणि १८९१ पासून टपालाने चालणारी एक शाळाही सुरू झाली होती. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका टपालाने घरी येत, मुलं घरीच शिकत आणि उत्तरपत्रिका टपालानेच परत जात. आजच्या होमस्कूलिंगची ही एक पणजीच म्हणायची. निसर्गवहीला शिक्षणात मानाचं पान मिळालं ते प्रामुख्याने या बाईंमुळे.

‘होम एज्युकेशन’मध्ये वहीबद्दल त्यांनी जे सांगितलं आहे, ते थोडकं आणि व्यवहारी आहे. जाड पुठ्ठ्याची साधी वही पुरे. रोजच्या फिरण्यात मुलाला जे दिसेल ते त्याने लिहावं. कुठला प्राणी कुठल्या झाडावर दिसला, अळी कशावर चढत होती, अमुक रोप कोणत्या रोपांच्या शेजारी उगवलं होतं, वेल वर चढते ती कशाच्या आधाराने. लिहिता न येणाऱ्या लहानग्यासाठी आईने लिहून घ्यावं. पाच-सहा वर्षांचं झालं की त्याने कुंचल्याने चित्रंही काढावीत. रंग मिसळण्याचं तत्त्व सांगावं, पण इथे हा रंग दे, तिथे तो दे असं सांगू नये. आणि यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा : चित्रकलेच्या शिकवणीला तिची वेळ आणि जागा आहे, पण ही वही ती जागा नव्हे. ती मुलाच्या मर्जीवर सोडावी.

मेसनबाई काही ढिल्या शिस्तीच्या नव्हत्या. त्यांच्या टपाल-शाळेत प्रत्येक सत्राअखेर रीतसर परीक्षा होत. म्हणजे जिथे तपासायचं तिथे त्या तपासत होत्याच. तरीही या एका वहीभोवती त्यांनी कुंपण घातलं. कारण उघड आहे. तपासणीसाठी काढलेलं चित्र बघणाऱ्याला आवडेल असं होतं. झाडासारखं होईलच असं नाही. मुलाला एकदा कळलं की आईला गुलाब आवडतात, की वहीत गुलाबच येऊ लागतात. शेणावरचा किडा, सडलेलं सीताफळ, मेलेला सरडा हे सगळं वहीच्या बाहेर राहतं.

घराण्याची वही

मेसनबाईंनी वही मुलांच्या हातात दिली, पण तारीख घालून निसर्ग टिपण्याची रीत इंग्लंडात त्यांच्या आधी दीडशे वर्षं रुजली होती. नॉरफोक परगण्यातल्या रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ साली वसंताच्या खुणा लिहून ठेवायला सुरुवात केली. पहिलं स्नोड्रॉप कधी फुललं, ओकला पहिलं पान कधी आलं, पहिली पाकोळी कधी दिसली, बेडूक कधी ओरडू लागले, अशा एकूण सत्तावीस खुणा. तो वारला १७९७मध्ये. पण वही थांबली नाही. मधल्या काही खंडांसह त्याच्या वंशजांनी ती १९५८ पर्यंत चालवली. लिहिणारे सगळे काही शास्त्रज्ञ नव्हते. घरात एक काम होतं, ते पुढच्या पिढीने केलं. विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधकांनी या नोंदी तापमानाच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा ऊब वाढली की पालवी किती आधी फुटते याचं दोन शतकांचं चित्र त्यांना मिळालं.

मार्शमचा समकालीन, सेलबोर्नचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट, १७६८ पासून १७९३मध्ये मरेपर्यंत छापील रकान्यांची एक रोजनिशी भरत होता : तापमापक, वायुभारमापक, वारा, पाऊस, पहिलं पान, पहिलं फूल, पहिला पक्षी आणि शेवटी किरकोळ. माझा आवडता रकाना हा शेवटचा. त्यात बागेतलं कासवही येतं आणि काकडीचा वाफाही.

तिसरं उदाहरण अमेरिकेतलं. हेन्री डेव्हिड थोरोने १८५०च्या दशकात काँकर्ड गावाच्या आसपास शेकडो वनस्पतींच्या पहिल्या फुलाच्या तारखा लिहून ठेवल्या. दीडशे वर्षांनी बोस्टनच्या रिचर्ड प्रायमॅक आणि अब्राहम मिलर-रशिंग या संशोधकांनी त्याच गावात त्याच फुलांच्या तारखा पुन्हा टिपल्या. नेहमी आढळणाऱ्या ४३ वनस्पती थोरोच्या काळापेक्षा सरासरीने आठवडाभर आधी फुलत असल्याचं त्यांना दिसलं. हे थोरोला सिद्ध करायचं नव्हतं. तापमानवाढ हा शब्दही त्याच्या काळात नव्हता. त्याने फक्त तारीख घातली होती आणि जागा लिहिली होती.

या तिन्ही वह्यांचा धडा माझ्या दृष्टीने एकच. लिहिताना नोंदीचा उपयोग ठाऊक असावा लागत नाही. उलट, उपयोग आधी ठरवून लिहिलं असतं तर नको त्या गोष्टी गळून गेल्या असत्या, आणि पुढे नेमक्या त्याच हव्या होत्या.

आपलं वर्ष कुठून सुरू होतं?

इथे एक अडचण येते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत चार ऋतू असतात. वसंतात ट्यूलिप, शरदात लाल-पिवळी पानं, हिवाळ्यात बर्फ. पुण्यातल्या मुलाने त्या साच्यात वही भरायला घेतली की त्याला वाटतं, आपल्याकडे काही घडतच नाही. आपल्याकडे पळस, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण होऊन ऐन उन्हाच्या तोंडावर फुलतात, बहावा आणि ताम्हण वैशाखात, आणि रानातली बारीक फुलं पावसाळ्यात. पुस्तकातल्या वसंताला यातलं काही बसत नाही.

त्या मानाने आपल्या आजी-आजोबांकडे बारीक पंचांग होतं. रोहिणी, मृग, आर्द्रा या पावसाच्या नक्षत्रांनी शेतकरी दोन-दोन आठवड्यांचा हिशेब ठेवतो. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, म्हणजे पेरणीची वेळ आली. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ (१९५६) लिहिताना चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यांची बारा दालनं केली, चार ऋतूंची चौकट घेतली नाही. मराठीत निसर्ग बघण्याची नजर आणि भाषा दोन्ही आहेत. कमी पडली ती तारखेची सवय. पावशा ओरडतो हे घरोघरी ठाऊक. यंदा अमुक गावात पहिल्यांदा कोणत्या दिवशी ओरडला, हे क्वचितच कोणी लिहून ठेवलं. ते ज्ञान तोंडी राहिलं आणि तोंडी ज्ञानात ‘गेल्या वर्षी’ आणि ‘पूर्वी’ यांत फरक उरत नाही.

आमच्या घरच्या वह्यांचं वर्ष म्हणून जूनमध्ये सुरू होतं. शाळांचंही जूनमध्येच होतं, हा योगायोग. पहिल्या पानावर पहिला पाऊस येतो आणि शेवटच्या पानावर वळीव.

वही ठेवायची कशी

आता थोडं व्यवहाराचं. वही महाग नको. महागड्या कागदावर मूल जपून लिहितं आणि जपून लिहिणारं मूल खाडाखोड करत नाही, चूक करत नाही, म्हणून फारसं बघतही नाही. आमच्याकडे पाठकोऱ्या कागदांना जाड दोऱ्याने शिवून वर जुन्या खोक्याचा पुठ्ठा लावतो. एक पेन्सिल, एक भिंग, मोजपट्टी. रंग घरी आल्यावर.

प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर चार गोष्टी येतात : तारीख, वेळ, जागा, हवा. यात सूट नाही. बाकी सगळं मुलाच्या मर्जीवर. ‘टेकडी’ ही जागा नव्हे. ‘टेकडीवर पाण्याच्या टाकीच्या डाव्या अंगाची पायवाट’ ही जागा. पुढच्या वर्षी तिथे परत जाता आलं पाहिजे, एवढी एकच कसोटी.

मग प्रश्न. कॅलिफोर्नियाचे निसर्ग-चित्रकार जॉन म्यूर लॉज मुलांना तीन पायऱ्या सांगतात : काय दिसतं, काय प्रश्न पडतो, कशाची आठवण होते. मुलांना हे पटकन जमतं. तिसरी पायरी आपल्याला पोरकट वाटेल, पण ती टाळू नये. पांगाऱ्याच्या कळीला धाकट्याने ‘पोपटाची चोच’ म्हटलं आणि मग चोच कुठल्या बाजूला वळते, हे बघायला तो पुन्हा झाडाखाली गेला. उपमेने त्याला दुसऱ्यांदा बघायला लावलं.

आकडा शक्य तिथे यावा. ‘खूप पक्षी’ लिहिणाऱ्याला मी एवढंच विचारते, की दहापेक्षा जास्त की कमी? पुढच्या खेपेला वहीत ‘सात साळुंक्या, एक कावळा, कावळा लांब बसलेला’ असं येतं. चित्राचंही तसंच. चित्र सुंदर असण्याची गरज नाही. पान काढताना ते देठाला समोरासमोर आहे की एकाआड एक, हे ठरवावंच लागतं. फोटोत ते न बघताही येतं. म्हणून फोन खिशात राहतो.

लहान मुलाने सांगावं आणि मोठ्याने लिहून घ्यावं, हा मेसनबाईंचा सल्ला आम्ही धाकट्यासाठी तीन वर्षं पाळला. अट एकच, लिहिणाऱ्याने वाक्य सुधारायचं नाही. सहा वर्षांचा असताना त्याने सांगितलेली एक नोंद अशी आहे : “मुंगीने साखर टाकून दिली आणि मेलेली मुंगी उचलली.” यात मी ‘कदाचित’ घातलं असतं किंवा मुंग्या आपल्या मेलेल्या सोबतिणींना वारुळाबाहेर नेऊन टाकतात ही माहिती जोडली असती, तर वाक्य माझं झालं असतं. ती माहिती त्याला दोन वर्षांनी एका पुस्तकात सापडली, तेव्हा त्याने जुनी वही काढली आणि म्हणाला, “हे मला माहीत होतं.”

नाव सांगण्याची घाई नसावी. नाव कळलं की आपण ओळख झाली असं समजतो आणि पुढे बघणं थांबतं. आमच्या घरात नाव तिसऱ्या दिवशी शोधायचं, असा संकेत आहे. तोवर ‘शेपटी हलवणारा’, ‘तारेवरचा हिरवा’ अशी घरगुती नावं चालतात. ज्या पालकांना वाटतं की आपल्याला झाडांची-पक्ष्यांची नावं येत नाहीत, मग आपण काय शिकवणार, त्यांच्यासाठी हा संकेत विशेष सोयीचा आहे. इथे शिकवायचं नसतंच, सोबत थांबायचं असतं.

आठ पाय

चूक दुरुस्त करावी का, हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. एक प्रसंग सांगते. थोरली नऊ वर्षांची असताना पहिल्या पावसानंतर टेकडीवर मृगाचे किडे निघाले होते. लाल मखमलीचे ते थेंब बहुतेकांनी लहानपणी तळहातावर घेतले असतील. तिने चित्र काढलं आणि त्याला आठ पाय दिले. घरी आलेल्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी, जे आयुष्यभर शिक्षक होते, वही बघून प्रेमाने सांगितलं, “बाळ, किड्याला सहा पाय असतात. दोन खोड.” तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, उद्या जाऊ आणि मोजू.

दुसऱ्या दिवशी भिंगाखाली पाच किडे मोजले. प्रत्येकाला आठ पाय. मग पुस्तकं काढली. मृगाचा किडा नावाने किडा असला तरी कीटक नाही; तो कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या नात्यातला, अष्टपाद वर्गातला आहे. नातेवाइकांना फोन करून तिने ते सांगितलं आणि त्यांनीही मनापासून ऐकून घेतलं. पण समजा ते बरोबर निघाले असते, तरी खोडरबर वापरायचं नव्हतंच. चुकीची नोंद तशीच ठेवून खाली नव्या तारखेने नवी नोंद करायची. हिशेबाच्या वहीत आकडा खोडत नाहीत, दुरुस्तीची वेगळी नोंद करतात, तसंच हे. मूल काय बघत होतं आणि पुढे काय दिसू लागलं, हा प्रवास त्या दोन नोंदींच्या मधल्या जागेत असतो. खोडलं की तो जातो.

कुणी वाचायची?

बिअ‍ॅट्रिक्स पॉटर (१८६६-१९४३) हे नाव ‘पीटर रॅबिट’मुळे सगळ्यांना माहीत आहे. ती कधी शाळेत गेली नाही. गव्हर्नेसकडून घरीच शिकली. लहानपणापासून ती आणि तिचा भाऊ अळ्या, ससे, वटवाघळं, पाली घरात बाळगून त्यांची चित्रं काढत. पुढे ती अळंब्यांच्या अभ्यासात इतकी खोल उतरली की १८९७मध्ये अळंब्यांचे बीजाणू रुजण्याबद्दलचा तिचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडला गेला. स्त्रियांना तिथल्या सभेला मज्जाव असल्यामुळे तिला स्वतःला हजर राहता आलं नाही. तिची अळंब्यांची शेकडो चित्रं आज अँबलसाइडच्याच आर्मिट संग्रहालयात आहेत.

या पॉटरची एक दुसरी वही होती. किशोरवयापासून तिशीपर्यंत ती एक रोजनिशी लिहीत होती, आणि ती स्वतः बनवलेल्या सांकेतिक लिपीत. घरातलं कोणी वाचू नये म्हणून. तिच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, १९५८मध्ये, लेस्ली लिंडर या अभ्यासकाने ती लिपी उलगडली. ही रोजनिशी निसर्गाची नव्हे, सगळ्याच गोष्टींची आहे. पण घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी तिचा विचार करावा असं मला वाटतं. शाळेत जाणाऱ्या मुलाला घर आणि शाळा अशी दोन जगं असतात. एकातलं दुसऱ्यापासून लपवता येतं. घरी शिकणाऱ्या मुलाला ही सोय नसते. त्याची शिक्षिका, स्वयंपाकघर, वाचनालय आणि परीक्षक सगळं एकाच छपराखाली असतं, आणि पुष्कळदा एकच बाई असते. अशा मुलाला एखादी गोष्ट तरी पूर्णपणे स्वतःची लागते.

गेल्या वर्षी थोरलीने स्पष्टच सांगितलं, “माझी निसर्गवही यापुढे कोणाला दाखवायची नाही. तुलाही मी दाखवेन तेव्हाच.” एनआयओएसच्या परीक्षेची चर्चा घरात तेव्हा नुकतीच सुरू झाली होती आणि नातेवाइकांची चौकशीही वाढली होती. दाखवण्यासारखी ती एकच गोष्ट हातातून जात होती. आम्ही दोघांनी एक रात्र त्यावर बोलण्यात घालवली आणि तिचं मान्य केलं. आता घरात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक फाइल : तिच्यात गणित, निबंध, प्रयोग, वाचलेल्या पुस्तकांची यादी, जी कोणीही मागावी आणि बघावी. आणि एक वही, जी तिच्या खणात असते. पुरावा फाइलने द्यायचा. नोंद वहीत करायची. होमस्कूलिंगच्या वाटेला लागलेल्या नव्या पालकांना माझी हीच सूचना असते, की फाइल पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा, म्हणजे वहीवर तो भार येत नाही. वहीतलं पान फोनवरून चार गटांत पाठवण्याचा मोहही मग आवरता येतो. पान पाठवलं की अंगठे येतात, आणि अंगठे म्हणजे लाल शाईच.

काही नसल्याची नोंद

घराजवळच्या रस्त्यावर एक काटेसावर होती. थोरलीने ती आपली म्हणून निवडली आणि दर सोमवारी तिची नोंद करू लागली. केरळात आणि देशभर अनेक शाळांतली मुलं ‘सीझनवॉच’ या उपक्रमात हेच करतात. एक झाड ठरवायचं आणि दर आठवड्याला त्याची पालवी, फुलं, फळं किती आहेत ते टिपायचं. कंटाळवाणं काम आहे. वर्षातले चाळीस-एक सोमवार ‘बदल नाही’ एवढंच लिहावं लागतं. पण ‘बदल नाही’ लिहिलेलं नसेल, तर बदल कधी झाला हे सांगताच येत नाही. पहिलं फूल २४ तारखेला दिसलं, याला अर्थ येतो तो १७ तारखेला ते नव्हतं हे लिहिलेलं असलं तरच. मुलांना हे कळायला वेळ लागतो, मोठ्यांनाही.

चार वर्षांत पहिल्या फुलाची तारीख जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मागे-पुढे झाली. तिने आदल्या पावसाळ्याशी त्याचा मेळ घालायचा प्रयत्न केला, तो बसला नाही. एका झाडावरून आणि चार वर्षांवरून काही सिद्ध होत नाही, हे तिला त्या वहीनेच शिकवलं. मग ती टेकडीच्या पलीकडल्या उतारावरच्या दुसऱ्या सावरीचीही नोंद ठेवू लागली.

गेल्या मे महिन्यात रस्ता रुंद करताना पहिली सावर तोडली गेली. त्या आठवड्यातलं पान तिने मला आपणहून दाखवलं. वर तारीख, वेळ, जागा, हवा. खाली बुंध्याचा आडवा छेद, व्यास ६१ सेंटिमीटर, मोजता आली तेवढी वलयं, आणि एक ओळ : ‘सावर नाही.’ पुढच्या सोमवारी तिने पुन्हा तेच लिहिलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही. मी काही बोलले नाही. अजून ती लिहिते.

त्या रस्त्यावर सावर होती आणि जानेवारीत फुलायची, हे सांगणारा दुसरा कागद बहुधा कुठेच नसेल. तिच्या वहीला किती गुण द्यायचे हे मला सांगता येणार नाही, कारण ती त्यासाठी लिहिलेलीच नाही.

वही सुरू करायला जूनपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा सातविणीचा उग्र वास संध्याकाळी रस्त्यांवर उतरलेला असेल आणि बुचाच्या झाडाखाली पांढऱ्या लांब देठांच्या फुलांचा सडा पडत असेल. धोबी पक्षी उत्तरेकडून येऊन पोचलेले असतील. यांतलं एक निवडा. घरातल्या मुलाला पेन्सिल आणि शिवलेले चार कागद द्या, डोक्यावर तारीख घालायला सांगा, आणि तो काय लिहितो ते त्याने दाखवल्याशिवाय बघू नका.